बिग बेनचा तडा आणि आमच्या शाळेची घंटा

घडीसाजाची लेक:

नमस्कार मंडळी. पुष्कळ दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं.

माझे वडील, अण्णा, घड्याळं दुरुस्त करायचे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत त्यांचं दोन फळ्यांचं दुकान होतं. जुनी मुसलमान गिऱ्हाइकं त्यांना घडीसाज म्हणत, मग सगळं गावच तसं म्हणायला लागलं. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि पाठीमागच्या फळीवर रेडिओ. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला ते लंडनचं केंद्र शोधत बसायचे. आपल्याकडं साडेपाच म्हणजे तिथं मध्यरात्र. खरखरीतून आधी चार लहान घंटांची सुरावट यायची, मग बिग बेनचे एकेक करून बारा टोले. पहिल्या टोल्याला अण्णांचा हात दुकानातल्या लंबकाच्या घड्याळावर असायचा. गावातली निम्मी घड्याळं मग दिवसभरात त्या घड्याळावर मिळवली जायची.

एकदा ते मला म्हणाले, "नीट ऐक. ह्या घंटेला तडा आहे."

मी तेव्हा चौथीत असेन. मला वाटलं ते रेडिओच्या खरखरीबद्दल बोलतायत. शिवाय तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये असं आजी सांगायची, आणि इथं तर राणीच्या गावची घंटा! अण्णांनी ती हकीकत मला पुढं कितीदा तरी सांगितली. मोठेपणी मी ती जमेल तशी वाचून काढली. ती इथं मांडते.

लंडनचा जुना संसदवाडा १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री जळाला. तिथं पूर्वी सरकारी हिशोब लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवत. ती पद्धत बंद झाल्यावर साठलेल्या काठ्या भट्टीत घालून जाळायला काढल्या, आणि त्या आगीनं वरची इमारतच घेतली. नव्या इमारतीचं काम चार्ल्स बॅरी यांच्याकडं आलं. मनोऱ्याचा आराखडा ऑगस्टस प्युजिन यांचा. मनोरा ९६ मीटर उंच, चारही बाजूंना सुमारे सात मीटर व्यासाच्या तबकड्या.

घड्याळासाठी तिथले राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी अट घातली की तासाचा पहिला टोला एका सेकंदाच्या आत बरोबर पडला पाहिजे. मनोऱ्यावरच्या घड्याळाला ही अट म्हणजे त्या काळच्या बऱ्याच कारागिरांना अशक्य वाटलेली गोष्ट. कारण उघड आहे. मिनिटकाटा ४.२ मीटर लांब. त्याच्यावर वारा आदळणार, पाऊस पडणार, बर्फ साचणार, पाखरं बसणार. तो सगळा धक्का दातेरी चाकांतून मागं लंबकापर्यंत पोचला की वेळ चुकलीच.

ह्यावर तोड काढली एडमंड बेकेट डेनिसन यांनी. हे पेशानं वकील, घड्याळाचा नाद घेतलेले. घड्याळ बनवलं एडवर्ड डेंट यांच्या कारखान्यानं. डेंट १८५३ मध्ये वारले, त्यांच्या सावत्र मुलानं, फ्रेडरिकनं, पुढच्या वर्षी ते पुरं केलं. पण मनोराच तयार नव्हता! घड्याळ पाच वर्षं कारखान्यात पडून राहिलं. त्या सवडीचा उपयोग करून डेनिसन यांनी त्याची एस्केपमेंट, म्हणजे चाकांचा जोर ठेक्याठेक्यानं लंबकाला देणारा भाग, पुन्हा नव्यानं बसवली. अण्णा हा भाग सांगताना नेहमी पुढं सरकून बसायचे. साध्या घड्याळात चाकांचा जोर थेट लंबकाला ढकलतो. म्हणजे जोर कमीजास्त झाला की लंबकही बिघडतो. डेनिसन यांनी मध्ये दोन छोटे दांडे घातले. चाकं फक्त तो दांडा उचलून ठेवतात. दांडा मग स्वतःच्या वजनानं खाली येताना लंबकाला ढकलतो. दांड्याचं वजन काही बदलत नाही, त्यामुळं बाहेर वादळ असो की नसो, लंबकाला दर वेळी तेवढाच धक्का मिळतो. "बाहेरचं बाहेर ठेवायचं, आतलं आत," असं अण्णा म्हणायचे.

आता घंटा. पहिली घंटा ६ ऑगस्ट १८५६ ला इंग्लंडच्या उत्तरेकडं स्टॉकटनजवळ ओतली. वजन सुमारे १६ टन. रेल्वेनं आणि मग समुद्रमार्गे ती लंडनला आणली आणि संसदेच्या अंगणात टांगून रोज वाजवून बघायला लागले. ऑक्टोबर १८५७ मध्ये ती तडकली. ओतणारे म्हणाले हातोडा जड होता. डेनिसन म्हणाले ओतकाम वाईट होतं.

ती फोडली, वितळवली, आणि १० एप्रिल १८५८ ला लंडनच्याच व्हाइटचॅपलच्या ओतशाळेत जॉर्ज मिअर्स यांनी त्याच धातूतून दुसरी ओतली. १३.७ टन. थंड व्हायलाच वीस दिवस लागले. सोळा घोड्यांच्या गाड्यावरून ती वेस्टमिन्स्टर पुलावरून आली तेव्हा रस्ते सजवले होते, लोक दुतर्फा उभे होते. आपल्याकडं नव्या देवाची मूर्ती गावात आणतात तसंच की. घंटा उंचीपेक्षा रुंदीला जास्त, २.२ मीटर उंच आणि २.७ मीटर रुंद, म्हणून मनोऱ्याच्या पोटातून वर नेताना ती आडवी करावी लागली.

घड्याळ ३१ मे १८५९ ला सुरू झालं, घंटा ११ जुलैला वाजली. आणि सप्टेंबरात तिलाही तडा गेला. दोनच महिन्यांत.

ओतणाऱ्यांनी हातोड्याच्या वजनाची मर्यादा सांगितली होती, डेनिसन यांनी तिच्या दुपटीहून जड हातोडा लावला होता. डेनिसन यांनी मिअर्स यांच्या ओतकामावर उघड आरोप केले, ते प्रकरण कोर्टात गेलं आणि डेनिसन हरले. तीनएक वर्षं ती घंटा मुकीच होती, तासाचे टोले चार लहान घंटांपैकी सर्वांत मोठीवर पडायचे.

तिसरी घंटा ओतायची म्हणजे मनोरा उघडायचा, खर्च, पुन्हा भांडण. मग एअरी यांनी तीन गोष्टी सुचवल्या. घंटा जागच्या जागी एक अष्टमांश फिरवायची, म्हणजे हातोडा दुसऱ्या जागी पडेल. हातोडा हलका करायचा, सुमारे २०० किलोचा. आणि तड्याच्या जागी धातूचा लहान चौकोनी तुकडा कापून काढायचा, म्हणजे तडा पुढं सरकणार नाही. १८६३ पासून ती घंटा तशीच वाजते आहे. आज जगभर जो आवाज बिग बेनचा म्हणून ओळखतात, तो ह्या तडकलेल्या घंटेचा आवाज आहे. किंचित घोगरा, थोडा कंप पावणारा.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. आमच्या शाळेत पितळी रंगाची एक जुनी घंटा होती. शाळा निजामाच्या काळातली, घंटाही तेव्हाचीच असावी. मी सातवीत असताना तिला तडा गेला. आवाज फाटला. अण्णा स्वतः शाळेत जाऊन सांगून आले की फेकू नका, लोलक बदलून बघू, मी करून देतो, पैसे नकोत. पुढच्या आठवड्यात घंटा मोडीत गेली. किलोच्या भावानं. तिच्या जागी विजेची बेल आली आणि लाइट गेली की शिपाईमामा थाळी वाजवत फिरायचे. अण्णा त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आले, जेवले नाहीत.

तुमच्या गावात घड्याळाचा मनोरा, कचेरीचे टोले, शाळेची घंटा, देवळातली घंटा, असं काही आहे का, होतं का? त्याचं पुढं काय झालं? लिहा.

तिन्हीसांज:

ताई, फार छान. अण्णांचा जेवण न करण्याचा प्रसंग वाचून थांबले थोडा वेळ.

एक विचारते. बिग बेन म्हणजे मनोरा की घंटा? आणि हा बेन कोण?

घडीसाजाची लेक:

बिग बेन म्हणजे मोठी घंटा. लोक सवयीनं मनोऱ्यालाही तेच म्हणतात. मनोऱ्याचं नाव नुसतंच क्लॉक टॉवर होतं, २०१२ मध्ये राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली तेव्हा एलिझाबेथ टॉवर केलं. बेनबद्दल दोन गोष्टी सांगतात. त्या वेळी बांधकाम खात्याचे प्रमुख सर बेंजामिन हॉल होते, अंगानं धिप्पाड, त्यांच्यावरून. दुसरी अशी की बेन काँट नावाचा त्या काळचा गाजलेला मुष्टियोद्धा होता, त्याच्यावरून. मला पहिली जास्त पटते.

कासारगल्ली:

आम्ही पिढ्यान् पिढ्या भांड्याच्या धंद्यातले. ताईंनी शाळेची घंटा "पितळी रंगाची" लिहिलं ते बरोबर केलं, कारण ती पितळेची नसणार, काशाची असणार. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. पितळेचा तांब्या हातातून पडला तर त्याला पोचा येतो. काशाची वाटी पडली तर तडकते, नाहीतर तुकडाच पडतो. पण नाद बघा. पितळेला बोटानं टिचकी मारा, टक् वाजून गप्प. काशाची वाटी किती वेळ घुमते. टाळ काशाचेच का करतात ते ह्यामुळंच.

कथील जितकं वाढवाल तितका नाद लांबतो आणि तितकीच धातू ठिसूळ होते. डेनिसन यांचं प्रमाण २२ भाग तांबं आणि ७ भाग कथील असं होतं, म्हणजे शंभरात चोवीस भाग कथील. एवढं कथील म्हणजे आवाज मोठा आणि स्वभाव काचेसारखा. वर दुप्पट हातोडा. मग दुसरं काय होणार होतं? मला मिअर्सचा दोष वाटत नाही. ज्यानं धातूही आपलीच ठरवली आणि हातोडाही, त्यानं ओतणाऱ्याला बोल लावू नये.

आणखी एक. ज्या घरात आजीची काशाची वाटी आहे, ती तडकली म्हणून मोडीत घालू नका. पायाला तेल लावून घासायला तडकलेली वाटीही चालते, कड फक्त घासून घ्या.

बालाघाट:

मोडीचा विषय निघाला म्हणून. आमच्या तहसील कचेरीत खजिन्यावर पहाऱ्याचा शिपाई असायचा. तो दर तासाला जाड थाळीवर टोले द्यायचा. रात्रीसुद्धा. आमची आई म्हणायची, "तीन झाले, आता झोप." तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. टोले मात्र झोपेतही मोजायची.

ती थाळी आता कुठं आहे कोणालाच माहीत नाही. चौकशी केली तर नवीन इमारतीत आणलीच नाही म्हणाले.

गोदातीर:

बालाघाट, तुमच्या थाळीचं नाव काय होतं माहितीये? "तास". फारसीतून आलेला शब्द, धातूची थाळी किंवा पसरट भांडं. मोल्सवर्थच्या कोशात बघा, थाळी हा अर्थ दिला आहे आणि तिच्यावर टोला पडतो तेवढा वेळ म्हणूनही. आपण शाळेत "गणिताचा तास" म्हणतो तेव्हा खरं तर त्या थाळीचं नाव घेतो.

"घटका" हेही भांडंच. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची. भोकातून पाणी आत शिरतं, ती भरते आणि बुडते. एवढा वेळ म्हणजे एक घटका, २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून अशा साठ. अडीच घटका म्हणजे एक तास. घटका भरली की पहारेकरी घंटा वाजवायचा. लग्नात मुहूर्तासाठी घटका बसवायचे, ती बुडाली की अंतरपाट काढायचा. आमच्या पैठणच्या घरात अशी वाटी होती, आजोबांच्या हातून वापरलेली मी पाहिली आहे. "घड्याळ" शब्द त्या घटिकेवरूनच.

आणि गंमत अशी की इंग्रजी "क्लॉक" हा शब्द जुन्या लॅटिन "क्लोका"वरून आला, त्याचा अर्थ घंटा. म्हणजे त्यांच्याकडंही आधी घंटा होती, काटे नंतर आले. जुन्या मनोऱ्यांच्या कित्येक घड्याळांना तबकडीच नव्हती, नुसते टोले. वेळ बघायची नव्हती, ऐकायची होती. बालाघाट यांच्या आई वेळ ऐकत होत्या.

घडीसाजाची लेक:

गोदातीर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. अण्णा असते तर आज त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

दख्खनी:

संभाजीनगरच्या शहागंजचा घंटाघर कोणी आठवला नाही अजून? निजामकाळातला आहे. आमच्या लहानपणी बंदच होता. चारही बाजूंना भाजीवाले, फळवाले, टांगे आणि वर काटे थांबलेले. पत्ता सांगताना सगळे "घंटाघरापासून डावीकडं" असं सांगायचे, पण वेळ कुणी वर बघून सांगायचं नाही. अलीकडं स्मार्ट सिटीच्या कामात त्याची दुरुस्ती झाली. परवा संध्याकाळी गेलो तर दिवे लागले होते. एक म्हातारे चाचा मनगटावरचं घड्याळ वर बघून मिळवत होते. मी उगाच पाच मिनिटं तिथंच उभा राहिलो.

आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता हे विसरू नका. आमच्या पणजोबांसाठी मोठं शहर म्हणजे मुंबई नव्हे, हैदराबाद. चारमिनार १५९१ चा. पण त्याच्यावर जी चार घड्याळं दिसतात ती १८८९ ची, म्हणजे तीनशे वर्षांनी बसवलेली. पणजोबा पहिल्यांदा रेल्वेनं तिकडं गेले तेव्हा त्यांना मिनारांपेक्षा घड्याळच आठवणीत राहिलं होतं, असं आजोबा सांगायचे.

मुंबईचा चाकरमानी:

मूळचा परभणीचा, आता मुंबईत. ऑफिसला जाताना राजाबाई टॉवर रोज दिसतो. १ मार्च १८६९ ला पायाभरणी, नोव्हेंबर १८७८ मध्ये पूर्ण. ८५ मीटर. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, बिग बेनच्या मनोऱ्यावरून घेतलेला. राजाबाईंना दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचं जैन व्रत होतं, म्हणून टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी अशी मुलाची इच्छा होती असं सांगतात. दंतकथा असेल. पण ऐकूनच वेळ कळणाऱ्या बाईसाठी मनोरा, हे वरच्या तास-घटकेच्या चर्चेत बसतं म्हणून लिहिलं.

अजून एक. सबंध हिंदुस्थानासाठी एक वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईनं आपली वेळ सोडली नाही. १९५५ पर्यंत शहरात मुंबईची वेळ चालायची, ती ३९ मिनिटं मागं. लोकांनी टोल्यांवर किती जीव लावलेला असतो!

लंबक:

मी विज्ञान शिकवतो, नांदेडकडं. दोन गोष्टी जोडायच्यात.

पहिली, घंटा अष्टमांशच का फिरवायची. घरी करून बघा. कान असलेला चहाचा चिनी मातीचा कप घ्या. काठावर कानाच्या बरोबर वर चमच्यानं हलकेच टकटक करा. मग कानाच्या समोरच्या बाजूला, मग डाव्या-उजव्या बाजूला काटकोनात. चारही जागी स्वर तोच. आता त्या चार जागांच्या मधोमध वाजवा. स्वर चढलेला ऐकू येईल. असं का? घंटा किंवा कप वाजतो तेव्हा काठ अंड्यासारखा लांबट होतो, मग आडवा लांबट, पुन्हा उभा. चार जागा जोरात हलतात आणि त्यांच्यामधल्या चार जागा जवळपास स्थिर राहतात. जिथं हातोडा पडतो ती जागा सर्वांत जास्त हलणाऱ्यांपैकी. तिथून अष्टमांश म्हणजे ४५ अंश सरकलं की स्थिर जागा येते. कपात काय होतं? कान हलणाऱ्या जागी आला की त्याचं ओझं कंपनाला ओढतं आणि स्वर उतरतो, स्थिर जागी आला की ते ओझं लागत नाही. घंटेचा तडा हातोड्याच्या जागी असेल आणि ती अष्टमांश फिरवली, तर तडा स्थिर जागी जातो, त्याच्यावरचा ताण कमी होतो. पाव फिरवली असती तर तडा पुन्हा हलणाऱ्या जागीच आला असता!

चौकोन कापण्याचंही तसंच. तड्याचं टोक सुईसारखं बारीक असतं, सगळा ताण तिथं गोळा होतो. टोक बोथट केलं की तो पसरतो. लेथवाले ह्यासाठी तड्याच्या टोकाला भोक पाडतात.

दुसरी गोष्ट अण्णांच्या रेडिओबद्दल. ताई, तुमच्या अण्णांना टोला मनोऱ्याखाली उभ्या असलेल्या लंडनकरापेक्षा आधी ऐकू येत होता. खरंच. घंटा जमिनीपासून ५५ मीटरांहून उंच आहे. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे खाली पोचायला सेकंदाचा सहावा भाग तरी लागतोच. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. लंडन ते लातूर सात हजार किलोमीटरांहून थोडं जास्त, म्हणजे सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग. माइक घंटेजवळच. त्या जुन्या थेट प्रक्षेपणात अण्णांचा हात लंडनच्या रस्त्यावरच्या माणसाच्या आधी हलायचा.

घडीसाजाची लेक:

लंबकसर, तुमचं दुसरं टिपण मी तीनदा वाचलं. आत्ता आईला फोन करून सांगितलं. ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्यांना हे माहीत असणार. म्हणूनच तर तेवढ्या पहाटे उठायचे."

वर्षपण शोधलं. बिग बेनचे टोले रेडिओवरून पहिल्यांदा गेले ३१ डिसेंबर १९२३ च्या मध्यरात्री.

पाणवठा:

लंबकावर नाणी ठेवतात ते खरं का?

घडीसाजाची लेक:

हो. लंबक ४.४ मीटर लांब, ३१० किलो. त्याच्यावर जुन्या पेनीची नाणी ठेवतात. एक नाणं वर ठेवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढं जातं, काढलं की तेवढंच मागं. पोरं झोपाळ्यावर बसल्यापेक्षा उभी राहिली की झोका लवकर येतो, तसंच. वजन वर गेलं की लंबक आखूड झाल्यासारखा वागतो.

तरीही ते घड्याळ कधी कधी अडलं आहे. १० मे १९४१ च्या रात्री संसदेवर बाँब पडले, तबकड्या फुटल्या, घड्याळ मात्र चालत राहिलं. १९४९ मध्ये मिनिटकाट्यावर स्टारलिंग नावाच्या पाखरांचा थवा बसला आणि साडेचार मिनिटं मागं पडलं. सर्वांत मोठा बिघाड ५ ऑगस्ट १९७६ ला पहाटे पावणेचारला झाला. पाव-पाव तासाच्या टोल्यांचा वेग आवरणारा दांडा शंभराहून जास्त वर्षं तोच पीळ खाऊन थकला होता, तुटला. वजनं धडाधड खाली आली, दातेरी चाकांचे तुकडे खोलीभर उडाले. टोले आणि घड्याळ पुरते रुळावर यायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. त्या वेळीही यंत्र फेकलं नाही. २०१७ ते २०२२ पुन्हा सगळं सुटं करून दुरुस्त केलं, काट्यांना आणि आकड्यांना मूळचा निळा रंग दिला.

मांजराकाठ:

लई दिवसांनी इथं लिहायलोय. कारण आहे.

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळातल्या घंटेला गेल्या महाशिवरात्रीत तडा गेला. दोन बोटं लांब. पोरांनी जोरात ओढून वाजवली. घंटा किती जुनी कुणाला ठाऊक नाही, आजीच्या लग्नातही होती एवढं कळतंय. आता यात्रेच्या बैठकीत ठरायलंय की मोडीत द्यायची आणि नवी आणायची, चकचकीत. मी तिथं काहीच बोललो नव्हतो. हा धागा वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात. काही करता येतं का?

कासारगल्ली:

येतं. आधी एक काम करा, गावातल्या वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका. कासं साध्या वेल्डिंगनं जुळत नाही, उष्णतेनं तडा पुढं जातो. फोटो टाका.

लंबक:

कासारगल्लींशी सहमत. तडा नेमका कुठं संपतो ते आधी शोधा. रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड चोळा, रॉकेल तड्यातून परत वर येतं आणि रेघ उमटते. त्या टोकाला बारीक भोक. घाई न करता, ड्रिल गरम होऊ न देता. लोलक हलका लावा, आणि तो तड्यावर आपटणार नाही असा अडवा.

नाशिककर:

मी मराठवाड्यातला नाही, पण राहवलं नाही. आमच्याकडं गोदाकाठी नारोशंकराची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयात मिळालेली. घंटेवर त्याआधीचं, १७२१ साल आहे. मोठ्यानं बोलणाऱ्याला आम्ही अजून नारोशंकराची घंटा म्हणतो. अडीचशे-तीनशे वर्षं जुनी घंटा गावात असणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे. मांजराकाठ, देऊ नका मोडीत.

मांजराकाठ:

सगळ्यांचे आभार. बैठकीत बोललो. थोरल्या काकांना लंबकसरांचा कपाचा प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवला. आधी लोकांना काही समजेना, मग सरपंचानी स्वतः कप हातात घेतला. दोन वेळा वाजवला. "एकदा करून बघू" म्हणाले.

मांजराकाठ:

चार दिवसांनी लिहायलोय. घंटा उदगीरला एका लेथवाल्याकडं नेली होती. तडा दोन नव्हे, चार बोटं निघाला, खडूनंच कळलं. टोकाला भोक पाडलं. लोलक पहिला लोखंडी आणि जड होता, तो काढून त्याच्या निम्म्याहून हलका लावला, त्याला साखळी अशी दिली की तड्याकडं जातच नाही. काल संध्याकाळी परत टांगली.

आवाज आधीसारखा नाही. जरा बसका आहे, आणि शेवटी किंचित थरथरतो. आजी घरी बाजेवर होती. देवळापासून घर लांब नाही. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं. घंटा वाजली तशी ती उठून बसली आणि म्हणाली, "बसवली व्हय रं परत?"

घडीसाजाची लेक:

मांजराकाठ दादा, आवाज ध्वनिमुद्रित करून इथं टाकता येईल का? आईला ऐकवायचा आहे.

मांजराकाठ:

उद्या काकडआरतीच्या वेळेला करतो. साडेपाचला.